‘अ‍ॅलोकेशन’: वाटप, आवंटन की नियतन?

धरमपेठकर: लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) दुसऱ्या प्रोग्रामच्या आत लायब्ररी म्हणून चालवतात (एलकेएल, लिनक्स कर्नल लायब्ररी), त्यावरचं टिपण मराठीत करतोय. त्यात ‘अ‍ॅलोकेशन’ला, म्हणजे मेमरी नेमून देण्याला, शब्द हवाय. एका वाक्यावर अडलंय: ‘कर्नल सुरू होताना यजमान प्रोग्रामकडून मेमरीचं वाटप करून घेतो आणि मग आत तिचं वाटप करतो.’ पहिलं वाटप एकदाच होतं. ‘मेम’ला (कर्नलला किती मेमरी द्यायची ते सांगणारी सेटिंग) ६४ एमबी दिले की तेवढा सलग तुकडा एका दमात घेतला जातो. दुसरं सतत चालतं, ४ केबीच्या पानांत (मेमरीचे ठरावीक मापाचे भाग). तपासणाऱ्यांनी दोन्हीकडे ‘आवंटन’ केलं. हे मराठी आहे का?

इतवारीवाला: आवंटन हिंदी पाट्यांवरून आलं. पहिली घेणी ठोक, दुसरी चिल्लर. विषय संपला.

कोथरूडकर: चिल्लर म्हणजे सुटी नाणी. घाऊक आणि किरकोळ लिहा.

इतवारीवाला: इथं दुकानावर ‘ठोक व चिल्लर विक्रेते’ असंच राहते. विदर्भातल्या वाचकाला ते आधी कळेल.

मूळशोधक: आवंटन आणि वाटणे, दोन्हींचं मूळ संस्कृत ‘वण्ट्’. परकं म्हणून हाकलता येणार नाही. रुळलेलं नाही, एवढंच म्हणा.

सिव्हिल लाइन्स: रेशनच्या कागदांत तीन वेगळे शब्द आहेत: नियतन, उचल, वाटप. किती धान्य मंजूर ते नियतन, गोदामातून प्रत्यक्ष निघालं ती उचल, कार्डधारकाच्या पिशवीत पडलं ते वाटप. एलकेएलला हे नेमकं बसतं. ६४ एमबी मागितले की यजमान लिनक्स (ज्यावर तो प्रोग्राम चालतो) सहसा नुसती पत्त्यांची जागा राखतो, हे नियतन. पानाला पहिल्यांदा हात लागला की खरी रॅम जाते, ही उचल. केमॅलॉक (कर्नलच्या आत मेमरी देणारं फंक्शन) देतो ते वाटप. म्हणून ‘टॉप’मध्ये (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड) सुरुवातीला ‘व्हर्ट’ (राखलेली पत्त्यांची जागा) मोठा आणि ‘रेस’ (प्रत्यक्ष वापरातली रॅम) लहान दिसतो. तिन्हींना एकच शब्द वापरला तर ‘रेस’ नंतर का चढतो हे वाचकाला कळणारच नाही.

कोथरूडकर: उचल म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम. ती फेडावी लागते.

सिव्हिल लाइन्स: इथं फेड शेवटीच. केफ्री केलं (केमॅलॉकने घेतलेली मेमरी सोडली) तरी पान कर्नलच्या मोकळ्या यादीत जातं, यजमानाकडे नाही. कर्नल थांबवला की अख्खा तुकडा परत.

प्रतापनगर: त्यामुळेच यजमानाकडे कित्येक जीबी रिकामे असतानाही आत ‘आउट ऑफ मेमरी’ येतं. ‘मेम’ वाढवून पुन्हा सुरू करायचं. दुसरं दुखणं सलगतेचं. एमएमयूशिवायच्या (पत्ते बदलून देणाऱ्या हार्डवेअरशिवायच्या) बांधणीत व्हीमॅलॉकही, जो एरवी विखुरलेली पानं जोडून देतो, केमॅलॉककडेच जातो. २० केबी मागा, बडी अ‍ॅलोकेटर (पानं १, २, ४, ८ अशा दुपटीच्या गटांत देणारा कर्नलचा भाग) ५ ऐवजी ८ पानं देतो, १२ केबी वाया. विखुरलेली १०० पानं मोकळी असली तरी सलग ८ नसतील तर मागणी फेटाळली जाते. याला ‘विखंडन’ फार कोरडं वाटतं.

मूळशोधक: जमिनीचा १९४७ चा कायदा आहेच: तुकडेबंदी आणि एकत्रीकरण. मेमरीचे ‘तुकडे पडले’ म्हणा, मोकळी पानं जुळली की ‘एकत्रीकरण’.

प्रतापनगर: एकत्रीकरणाने घोटाळा होईल. शेत कुठल्याही शेजाऱ्याशी जोडता येतं. बडीत ४ नंबरच्या पानाची जोडी फक्त ५ नंबरच्या पानाशी जमते. ३ लागून असलं, मोकळं असलं, तरी नाही.

इतवारीवाला: मग बडीला ‘जोडीदार’ लिहा. ‘शेजारी’ अजिबात नको.