बसच्या वेगाचा आलेख सरळ येईना, अंतरही जुळेना

खानापूरची आई
नमस्कार. लेक नववीत, मराठी माध्यमात. धड्यात समान त्वरणाचा, म्हणजे वेग एकसारखा वाढत जातानाचा, वेग-काळ आलेख सरळ तिरकी रेषा दाखवलाय. खरंच तसा येतो का बघायला आम्ही दोघी मोबाईल घेऊन बेळगावच्या बसमध्ये बसलो. गाडी थांब्यावरून हलल्यापासून दर चार सेकंदांनी ती आकडा वाचायची, मी वहीत लिहायची: ०, १०, १८, २५, ३१, ३६ किलोमीटर ताशी. बिंदू जोडले तर रेषा वर फुगलेली! शेवटचा वेग सेकंदाला १० मीटर, वेळ २० सेकंद, म्हणून तिनं अंतर २०० मीटर काढलं. संध्याकाळी चालत मोजलं तर थांब्यापासून, शेवटचा आकडा वाचला त्या चिंचेच्या झाडापर्यंत माझी १५० पावलंच भरली. पोरीचा पार हिरमोड झालाय. चुकलं कुठं, सांगा की.

निवृत्त शिक्षक, येळ्ळूर
ताई, आधी मुलीला शाबासकी द्या. आकडे चांगले टिपलेत, चूक गुणाकारात आहे. गाडी पहिल्यापासून १० च्या वेगानं धावली असती तर २०० मीटर गेली असती. ती तर शून्यापासून चढत गेली. या आलेखात अंतर म्हणजे रेषेखालचं क्षेत्रफळ. सतत १० चा वेग असता तर ते २०० चा आयत; रेषा सरळ चढत गेली असती तर तो त्रिकोण, त्या आयताच्या निम्मा: १०० मीटर. गॅलिलिओनं १६३८ मध्ये हेच त्रिकोण काढून मांडलं होतं.

तुमची रेषा फुगलीय, म्हणून अंतर १०० हून थोडं जास्त येणार. चार-चार सेकंदांचे उभे पट्टे पाडा. प्रत्येकात दोन्ही कडांच्या वेगांची सरासरी काढून चारनं गुणा. पाच पट्ट्यांची बेरीज ४०८ येते. तिला ३.६ नं भागायला विसरू नका, कारण वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत आहे. माझी कितीतरी मुलं इथंच अडखळायची.

बसचालक, निपाणी
रेषा सरळ येणारच नाही ओ अक्का. खालच्या गिअरला गाडी जोर घेते, वरच्या गिअरला ओढ कमी. तुमचेच आकडे बघा की: पहिल्या चार सेकंदांत १० वाढले, शेवटच्या चारात ५. क्लच दाबला की वाढ थांबते. दर सेकंदाला टिपलं तर तिथं आडवी पायरी दिसेल.

खानापूरची आई
११३ मीटर आले, सर! लेकीनं लगेच पट्टी आणून माझं पाऊल मोजलं, ७५ सेंटिमीटर. म्हणजे १५० पावलांचे ११२.५ मीटर. आता तिला ब्रेक लावतानाचे आकडे हवेत, उद्या पुन्हा पुढची सीट धरायचीय.