मयूरेश्वरच्या माळावरची मोकाट कुत्री : अर्ज कुणाकडे करायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यालगत आहे. अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. कुंपण नाही, त्यामुळे चिंकारा हरणं शेतात येतात आणि गावातली, ढाब्यांवरची मोकाट कुत्री टोळीने माळावर जातात. पाडसांच्या मागे लागतात. लांडग्या-कोल्ह्यांना त्यांच्यापासून रेबीज, डिस्टेंपर या रोगांचा धोका वेगळाच. आपल्या पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं तर जनुकीय तपासणीतून सिद्धही झालंय.

आता अडचण अशी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा जिथून पकडला तिथेच सोडायचा असतो. शहरातल्या गल्लीत ठीक आहे, पण माळावर नसबंदी झालेला कुत्राही पाडस धरतोच ना! वन्यजीव कायद्याच्या कलम ३३अ मध्ये अभयारण्यापासून ५ किलोमीटरपर्यंतच्या पाळीव गुराढोरांचं लसीकरण करायची तरतूद आहे. बेवारस कुत्र्यांचं काय?

कुत्री मारा असं माझं म्हणणं नाही, विष घालणं तर मुळीच नको. गुन्हा आहे, शिवाय ते लांडग्यांच्याच पोटात जायचं.

कुणी ग्रामपंचायतीचा ठराव करून मोकाट कुत्र्यांच्या बंदोबस्ताचं काम करवून घेतलंय का? अर्ज आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा की उपवनसंरक्षकांकडे? खर्च कोणत्या निधीतून बसवला? ढाब्यांच्या खरकट्याचा बंदोबस्त कसा केलात? ठरावाचा नमुना असेल तर कृपया इथेच टाका, ग्रामसभा जवळ आली आहे.