पेसमेकरचं सेटिंग पेशंटने विचारावं की नाही?

रामदासपेठी
बाबांना साइनस नोडच्या (हृदयाचे ठोके सुरू करणाऱ्या भागाच्या) आजारासाठी दोन वायरींचा पेसमेकर आहे. दर तपासणीला "बॅटरी झकास" ऐकायचं, धंतोलीत गाडी काढताना भांडायचं आणि घरी यायचं. यावेळी रिपोर्टचा कागद मागून घेतला. खालच्या कप्प्याचं पेसिंग, म्हणजे मशीनने दिलेले ठोके, ९४ टक्के, शिवाय एएफचे (वरच्या कप्प्याच्या अनियमित, जलद ठोक्यांचे) झटके नोंदलेले! बाबांच्या हृदयात वरून खाली सिग्नल नीट जातो, मग मशीन काहून ठोकते? ए-व्ही डिले, म्हणजे वरच्या ठोक्यानंतर खालचा ठोका देण्याआधी मशीन थांबते तो वेळ, कमी ठेवलाय म्हणून. उजवीकडून सतत पेसिंग झालं की डावा कप्पा उशिरा आकुंचन पावतो आणि ताण वरच्या कप्प्यावर येतो. २००७ च्या सेव्ह-पेस अभ्यासात १०६५ साइनस नोडवाले पेशंट होते. खालचं पेसिंग कमी ठेवलेल्या गटात कायम टिकणारं एएफ ७.९ टक्के, नेहमीच्या गटात १२.७. तेव्हा हा टक्का प्रत्येकाने विचारलाच पाहिजे.

मास्तर_महाल
विचारून करणार काय? डॉक्टर काय उगाच शिकले? अशा प्रश्नांनीच ओपीडी खोळंबते.

प्रोग्रामरवाला
मी पेसमेकर सेट करण्याचंच काम करतो. प्रश्न रास्त, निष्कर्ष घाईचा. त्याच अभ्यासात मृत्यूंमध्ये फरक नव्हता, ते सोयीस्कर गाळलंत. डॅनपेस अभ्यास वाचा, २०११, डेन्मार्क, १४१५ पेशंट. तिथे एका गटाला फक्त वरच्या कप्प्यात वायर, म्हणजे खालचं पेसिंग शून्य. तरी एएफ त्याच गटात जास्त: २८.४ विरुद्ध दोन वायरीवाल्यांत २३ टक्के. डिले फार ताणला तर वरचा कप्पा बंद झडपेवर आपटतो, धाप लागते. आणि कम्प्लीट हार्ट ब्लॉक असेल, म्हणजे वरचा सिग्नल खाली पोचतच नसेल, तर १०० टक्के पेसिंगवरच माणूस जगतो. असा पेशंट तुमचा धागा वाचून "कमी करा" म्हणत आला, तर?

रामदासपेठी
ब्लॉकवाल्यांबद्दल बोलतच नाहीये, बाबांना ब्लॉक नाही. डिले ताणू नका, पण ९४ का, एवढं तरी सांगा की बाप्पा!

ऊन४६
वरचा कप्पा जरा जास्त वेगाने चालवला की एएफ दबतं म्हणे. तेच सेटिंग का करत नाहीत?

प्रोग्रामरवाला
ॲसर्ट नावाच्या अभ्यासात तपासलं, २०१२. काही उपयोग झाला नाही. त्यातली कामाची गोष्ट वेगळीच: पहिल्या तीन महिन्यांत सहा मिनिटांहून लांब झटके नोंदलेल्यांना पक्षाघाताचा धोका अडीच पट होता. रामदासपेठी, टक्क्याआधी झटके किती वेळ टिकले ते बघा आणि रक्त पातळ करायची गोळी लागते का, ते डॉक्टरांना विचारा.

रामदासपेठी
सर्वात लांब झटका ११ तासांचा. कोणी बोललं नव्हतं. उद्याच फोन करतो, आणि टक्काही विचारणार.

मास्तर_महाल
गोळीचं जरूर विचारा, ते मान्य. टक्क्याचा तास मात्र सोमवारी घेऊ नका, माझाही नंबर तेव्हाच असतो.