भारताची खेळातली सगळ्यात मोठी कामगिरी कुठली? माझ्या मते ८३ नाही, ५२

कराडकर: परवा जेवताना घरात वाद झाला म्हणून विचारतोय. पोरगं म्हणालं, आपण खेळात सगळ्यात मोठं काय केलं तर त्र्याऐंशीचा वर्ल्डकप, विषय संपला. माझ्यासाठी नाही संपत. माझं मत खाशाबा जाधवांना, हेलसिंकी १९५२, कुस्तीतलं ब्राँझ. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक मेडल, आणि दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. ४४ वर्षं एवढ्या मोठ्या देशात दुसऱ्या कुणाला जमलं नाही राव! गोळेश्वरचा माणूस, लाल मातीत घडलेला, ४८ ला लंडनला गेला तेव्हा मॅटची सवयच नव्हती तरी सहावा आला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार दिले. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग गड्याने कुस्त्या लावून आधी सरांचे पैसे फेडले.

पार्कातला: दादा, खाशाबांबद्दल आदर आहेच, पण कष्ट मोठे की परिणाम मोठा हे आधी ठरवा ना. ५२ नंतर कुस्तीतलं पुढचं ऑलिंपिक मेडल थेट २००८ ला, सुशील कुमार. म्हणजे त्या यशातून मागे काहीच उभं राहिलं नाही. ८३ चं बघा. आधीचे दोन वर्ल्डकप मिळून आपण एकच मॅच जिंकलेलो, तीही ईस्ट आफ्रिकेशी. झिम्बाब्वेसमोर १७ वर ५ गेलेले, तिथून कपिल नाबाद १७५. फायनलला १८३ ऑलआउट, समोर दोनदा चॅम्पियन झालेली वेस्ट इंडीज, रिचर्ड्स ३३ वर असा मारत होता की मॅच लवकरच संपणार, आणि मदनलालला त्याने उंच मारला तो कॅच कपिलने मागे पळत पळत घेतला. माझे वडील रेडिओला कान लावून बसलेले, तो कॅच ते अजून हातवारे करून दाखवतात. पुढचा वर्ल्डकप ८७ ला इंग्लंडबाहेर आला तो आपल्याकडे आणि पाकिस्तानात.

डी_एरिया: त्या वर्ल्डकपमध्ये टीम किती होत्या? आठ. मला कमी लेखायचं नाही, पण १२ ऑगस्ट १९४८ ला वेम्बलीवर हॉकी फायनलमध्ये आपण ब्रिटनला ४-० हरवलं त्याच्यापुढे मला काहीच मोठं वाटत नाही. स्वातंत्र्याला वर्षही पूर्ण झालं नव्हतं, फाळणीत अर्धे चांगले प्लेयर पाकिस्तानात गेलेले, आणि ज्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्याच गावात त्यांच्याच लोकांसमोर तिरंगा वर गेला. बलबीर सिंगचे दोन गोल. आणि टीममध्ये मुंबईची पोरंही होती, लिओ पिंटो, मॅक्सी वाझ. आज मुंबईत किती जणांना ही नावं माहितीयेत?

वाळवा_तालुका: सगळ्यांनी एक नाव सोडलं. मुरलीकांत पेटकर, पेठ इस्लामपूर. ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आधी आर्मीत बॉक्सिंग करायचे, ते सुटलं. मग पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात, गोल्ड. कराडकर, तुम्ही पहिलं वैयक्तिक म्हणता तर पहिलं वैयक्तिक गोल्ड हे आहे, अभिनव बिंद्राच्या नेमबाजीतल्या ऑलिंपिक गोल्डच्या ३६ वर्षं आधी. पद्मश्री मिळाली २०१८ ला. पॅरा म्हटलं की वेगळ्या रांगेत का उभं करायचं?

कराडकर: वाळवा, पेटकरांचं पटलं, मी विचारच केला नव्हता, तुमचं बरोबर आहे. पण पार्कातला, परिणाम हीच मोजपट्टी कशी काय घेता? कुस्तीत पुढे काही उभं राहिलं नाही हा दोष खाशाबांचा नाही. अर्जुन पुरस्कार दिला तो माणूस गेल्यावर, ८४ साली अपघातात गेले आणि पुरस्कार त्यानंतर कितीतरी वर्षांनी. कपिलच्या मागे बोर्ड होतं, यांच्या मागे गहाण टाकलेलं घर. मी मत बदलत नाही.

पार्कातला: ८३ च्या बोर्डाकडे तरी कुठे पैसा होता? प्लेयरना बक्षीस द्यायला लता मंगेशकरांचा कार्यक्रम ठेवावा लागला दिल्लीत. तेव्हा गरिबीवरून मोजायचं तर दोघे सारखेच.