थाई मांगूर मुळात कुठला, इथे आला कसा, आणि तलावात दिसला तर काय करायचं?

तलावकाठ_ठाणे
ठाण्यात आणि नवी मुंबईत टबात जिवंत मांगूर विकायला दिसतो. कुणी देशी म्हणतं, कुणी थाई. बंदी असलेला नेमका कोणता, तो भारतात कधी आला, आणि दोन्ही शेजारी ठेवले तर ओळखायचे कसे? वॉर्डातल्या तलावाची साफसफाई निघणार आहे, म्हणून नीट माहिती हवी.

खाडीपार
नावात थाई असलं तरी मासा आफ्रिकेचा, शास्त्रीय नाव क्लॅरिअस गॅरिपायनस. इंग्रज निसर्ग-अभ्यासक बर्चेलने 1822 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गारीप, म्हणजे ऑरेंज नदीवरून नाव दिलं. वस्ती तिथपासून थेट नाईलपर्यंत, शिवाय जॉर्डनचं खोरं आणि दक्षिण तुर्कस्तान. लांबी दीड मीटरच्या वर जाऊ शकते, वजन 60 किलोपर्यंत.

शिकारी म्हणून तो किती पक्का आहे ते बोट्सवानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात दिसतं. पूर ओसरू लागला की शेकडो मांगूर झुंडीने पॅपिरसच्या (पाण्यातलं उंच लव्हाळं) कडेला लागतात, शेपट्या आपटून आत लपलेली लहान मासळी हुसकावतात आणि गिळतात.

त्याच्या शेतीचे प्रयोग 1970 च्या दशकात मध्य आफ्रिकेत झाले, पुढे नेदरलँड्समध्ये हार्मोनचं इंजेक्शन देऊन हवं तेव्हा बीज (पिल्लं) काढण्याची पद्धत पक्की झाली. 1980 च्या दशकात तो थायलंडला पोचला. तिथे क्लॅरिअस मॅक्रोसेफॅलस या स्थानिक मांगूरच्या मादीशी याच्या नराचा संकर केला: मांस स्थानिक माशासारखं, वाढ आफ्रिकन. थायलंडहून 1989 मध्ये बांगलादेशात आणि तिथून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कुठलीही परवानगी न घेता पश्चिम बंगालमध्ये. हवेतून श्वास घेत असल्यामुळे थोड्याशा पाण्यातही वाहतुकीत मरत नाही, म्हणून तो देशभर इतक्या झपाट्याने पसरला.

गळ_आणि_जाळं
ओळखीचं मी सांगतो. आकारावरून सुरुवात करा. देशी मांगूर (क्लॅरिअस मागूर) फुटाच्या आसपासचा, किलोभर भरला तरी खूप. दोन-तीन किलोचा मासा "देशी" म्हणून कुणी दिला तर घेऊ नका.

पण लहान माशात आकाराचा उपयोग नाही. तेव्हा डोकं बघा. वरून अंगठा फिरवला की कवटीचं हाड कुठे संपतं ते कळतं. देशीत ही मागची कड गोलसर असते, आफ्रिकनात इंग्रजी एम अक्षरासारखी टोकदार. मग मासा उलटा करा. मोठ्या आफ्रिकन मांगूरच्या डोक्याच्या खालच्या बाजूला दोन्हीकडे काळपट पट्टे असतात, मधला भाग पांढरा. अंगावर संगमरवरासारखे ठिपके-डाग. देशी एकसारखा तपकिरी किंवा काळपट.

मिशांवर जाऊ नका, दोघांनाही चार जोड्या असतात. खवले दोघांनाही नसतात. संकरित माशात खुणा अर्ध्यामुर्ध्या उतरतात, तिथे डोळ्यांनी खात्री होत नाही. पकडताना कल्ल्यामागचा काटा सांभाळा. देशीचा काटा लागला तर हात चांगलाच ठणकतो.

तलावकाठ_ठाणे
बंदी मग फक्त घाण खातो म्हणून आहे का?

खाडीपार
नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय. केंद्राने 2000 मध्ये बंदी घातली ती मुख्यतः देशी माशांना असलेल्या धोक्यामुळे. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये पुन्हा आदेश दिले, त्यानंतर साठे नष्ट करायला जोर आला. कोंबडीची आतडी, कुजकं मांस टाकून वाढवतात हे खरं आणि त्याने आजूबाजूचं पाणी सडतं, पण तो पाळणाऱ्यांचा प्रकार झाला. खाद्य स्वच्छ दिलं तरी मासा नदीत सुटल्यावर बेडूक, कोळंबी, मरळची पिल्लं, देशी मासे काहीच सोडत नाही. मादी हजारो अंडी घालते, ती उबदार पाण्यात साधारण दीड दिवसात फुटतात. देशी मांगूर तर आधीच आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे.

मत्स्यबीज
तलावाच्या कामाबद्दल. पावसाळ्यापूर्वी करा. पावसात बांध फुटला किंवा सांडव्यावरून पाणी गेलं की हा मासा त्याबरोबर निघतो, ओल्या गवतावरून कल्ल्यामागच्या काट्यांवर सरकतही जातो.

नुसतं पाणी उपसून भागत नाही, मुख्य चूक इथेच होते. पाणी गेलं तरी तो ओल्या चिखलात तग धरतो आणि पहिल्या सरीला परत वर येतो. उपसताना पंपाच्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर पिल्लं नाल्यात जातात. नंतर गाळ काढून तळ भेगा पडेपर्यंत वाळवा. काढलेला गाळ दुसऱ्या तलावाच्या काठावर टाकू नका.

खाजगी शेततळ्यात मोहाची पेंड टाकतात, एक हेक्टर आणि एक मीटर खोल पाण्याला 2500 किलोपर्यंत. तिच्यातलं सॅपोनिन नावाचं द्रव्य माशांच्या रक्तपेशी फोडतं, आणि असर दोन-तीन आठवडे राहतो. शहरातल्या तलावात हे अजिबात नको, देशी मासळीही त्यात जाते. तिथे जाळंच.

जिवंत सापडलेला मांगूर "जीव वाचवायचा" म्हणून खाडीत किंवा दुसऱ्या तळ्यात सोडू नका. वेगळ्या झाकणाच्या पिंपात ठेवा; उघड्या टबातून रात्रीत बाहेर पडतो. काम सुरू करण्याआधीच जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला आणि पालिकेला लेखी कळवा, म्हणजे पंचनामा आणि विल्हेवाट त्यांच्या देखरेखीखाली होते. पत्रासोबत तीन फोटो जोडा: वरून डोकं, खालून डोकं, आणि पूर्ण मासा शेजारी मोजपट्टी ठेवून.