प्रति: काळ्या दगडावरून प्रावरणाचं काय कळणार?

‘काळा दगड इथूनतिथून सारखाच, त्यावरून एवढ्या खोलवरचं काय कळणार?’ असं वर विचारलंय. खूप कळतं! हा दगड म्हणजे बेसाल्ट, पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून, म्हणजे प्रावरणातून, आलेला थिजलेला लाव्हा. खडक वितळला तरी स्ट्रॉन्शियम ८७ आणि ८६ (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) यांचं गुणोत्तर बदलत नाही. लाव्हा ते जसंच्या तसं वर आणतो. वाटेत जुनं कवच मिसळलं, की मात्र ते चढतं. दख्खनच्या लाव्हाच्या थरांपैकी आंबेनळी नावाच्या थरांत ते ०.७०४च्या आसपास, बुशे नावाच्या थरांत ०.७१३च्या वर. म्हणजे आंबेनळीत कवच फारसं मिसळलेलं नाही. म्हणून प्रावरणाचा माग आंबेनळीत काढायचा.

आपल्या गोव्यातही सुमारे ६.२८ कोटी वर्षांपूर्वीचे दख्खनी डाइक (खडकाच्या भेगेत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती) आहेत. भिंगातून बघा: कडेला दगड इतका बारीक, की कण दिसतच नाहीत, मध्यभागी फेल्डस्पार या फिकट खनिजाच्या काड्या चमकतात. नमुना मात्र आतला, ताजा घ्या. चिऱ्यासारखं तांबूस झालेलं अजिबात नको, पावसानं त्यातलं बरंच काही धुऊन नेलेलं असतं.