सोफुबी खेळणे रंगवताना कोणता रंग वापरावा?

प्रश्न: माझ्याकडे एका जपानी राक्षसाचे न रंगवलेले सोफुबी (मऊ व्हायनिलचे) खेळणे आहे. त्यावर एनॅमल रंग चालेल का, आणि डोके न फाटता कसे काढावे?

उत्तर १: एनॅमल कृपया टाळा. मऊ व्हायनिलमधील प्लास्टिसायझर (त्याला मऊ ठेवणारा पदार्थ) हळूहळू वर येऊन त्या रंगात मिसळतो आणि थर वाळल्यासारखा वाटला तरी चिकटच राहतो. म्हणूनच जपानी कारागीर व्हायनिलसाठीचे खास रंग एअरब्रशने पातळ थरांत देतात.

उत्तर २: मान गरम पाण्यात धरल्यास व्हायनिल लवचिक होते, मग डोके किंचित फिरवत ओढावे, म्हणजे आतली कड अलगद सुटते. रंगापूर्वी साबणाने अवश्य धुवा.

उत्तर ३: मारुसान या जपानी खेळणी कंपनीच्या १९६६च्या गॉडझिलासारख्या जुन्या खेळण्यांना मात्र हात लावू नये, असे मला मनापासून वाटते.